लॅपटॉपला डेटा कार्डाची जोडणी : सीमेवरील गावांच्या अनुभवातून

(ग्रामस्थ, शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सौंसर तहसिलीतील मोहगाव हे अर्धनारीश्वराच्या मंदिरामुळे परिचित असलेले गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. घरची भाषा मराठी, कचेरीची हिंदी, आणि मोठा बाजार, दवाखाना व मुलांचे पुढील शिक्षण बव्हंशी नागपूरचे, असा येथील लोकांचा तिहेरी व्यवहार आहे. या तिहेरीपणाचा इंटरनेटशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि नागपुरात घेतलेले डेटा कार्ड गावी येऊन लॅपटॉपला लावले म्हणजे तो तत्काळ प्रत्ययास येतो. त्याचा विचार पुढे यथाक्रम येईल.

गेल्या काही वर्षांत शासकीय व्यवहाराची कागदी वाट अरुंद होत जाऊन संगणकाची वाट रूढ झाली आहे. शाळेची वार्षिक माहिती यू-डायस प्लस या प्रणालीत भरावी लागते. मध्य प्रदेशात कुटुंबाची समग्र नोंद, हमीभावाने गहू विकण्यासाठी ई-उपार्जनवरील नोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे त्याच वाटेने होतात, आणि त्यांतील बहुतेकांना अखेरची तारीख असते. आता असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते की, शाळेत लॅपटॉप असतो, कपाटात डेटा कार्डही असते. परंतु ‘कार्ड खराब आहे’ असा शेरा मिळून ते एकदा आत गेले की पुन्हा बाहेर निघत नाही. मग मुख्याध्यापक तहसिलीच्या गावी जातात, ऑनलाइन कामे करून देणाऱ्या दुकानात खोळंबून बसतात आणि शाळेचा युजर आयडी व पासवर्ड दुकानदाराच्या वहीत उतरवून परत येतात. एस.टी.चे अथवा खाजगी गाडीचे भाडे आणि बुडालेला दिवस हे नुकसान डोळ्यांना दिसते. वहीत राहून गेलेला पासवर्ड दिसत नाही. शेतकऱ्याच्या आधारपत्राच्या व पासबुकाच्या प्रतींचीही तीच गत होते. ज्याला नोंदीबद्दल उत्तर द्यावयाचे आहे त्याच्याच हाती जोडणी असावी, हे तत्त्व येथे महत्त्वाचे आहे. सोय ही त्यानंतरची गोष्ट.

डेटा कार्ड, ज्याला लोक डोंगल किंवा एका जुन्या कंपनीच्या कार्डाच्या नावावरून नेटसेटर म्हणतात, ते म्हणजे केवळ सिम ठेवण्याची डबी नव्हे. त्याच्या पोटात लहानसा रेडिओ असतो, तो टॉवरशी बोलतो. आणि मोडेम असतो, तो ते बोलणे लॅपटॉपला कळेल अशा रूपात आणतो. म्हणून ‘नेट चालत नाही’ या एका तक्रारीची मुळे चार ठिकाणी असू शकतात : सिममध्ये, कार्डात, लॅपटॉपमध्ये अथवा कंपनीच्या जाळ्यात. ही चार ठिकाणे निरनिराळी तपासली असता कपाटातील बरीचशी ‘खराब’ कार्डे निर्दोष ठरतात.

सर्वच ठरतील असे मात्र नव्हे. भारत संचार निगमने २००९ साली ३जी सेवा सुरू केली आणि २०१० च्या लिलावानंतर खाजगी कंपन्या त्यात उतरल्या. त्या काळात विकली गेलेली कार्डे ३जी पर्यंतच चालतात. जिओ ही कंपनी २०१६ साली आली ती ४जी घेऊनच. तिचे सिम ३जी कार्डात कितीही वेळा घातले तरी जाळे सापडणार नाही. रिलायन्स नेटकनेक्ट आणि टाटा फोटॉन ही त्या काळातील लोकप्रिय कार्डे तर वेगळ्याच सीडीएमए पद्धतीची होती. त्यांपैकी पहिलीची मोबाइल सेवा २०१७ च्या अखेरीस बंद झाली, दुसरीचा मोबाइल व्यवसाय २०१९ साली एअरटेलमध्ये विलीन झाला. तशी कार्डे घरात असल्यास त्यांवर वेळ दवडू नये. ३जी कार्ड असल्यास, आपल्या टॉवरवर कंपनीने ३जी चालू ठेवले आहे काय, हे प्रथम विचारून घ्यावे; अनेक ठिकाणी ते बंद करण्यात आले आहे. नवे घेणाऱ्याने ४जी कार्डच घ्यावे आणि ते कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालणारे आहे, एका कंपनीपुरते बांधलेले नाही, याची खात्री दुकानातच करून घ्यावी.

सिमची परीक्षा सर्वांत सोपी आहे. ते साध्या मोबाइलमध्ये घालून पाहावे. तेथे इंटरनेट चालले तर सिम व रिचार्ज दोन्ही ठीक आहेत. जुन्या कार्डांचा खाचा मोठ्या आकाराच्या सिमसाठी असतो आणि आजचे सिम नखाएवढे. मधली चौकट न लावता ते तसेच सरकवले तर तिरपे बसते, आणि पुष्कळदा आतच अडकते. सिमला पिन लावलेला असल्यास तो अंदाजाने टाकू नये. तीन वेळा चुकला की सिमला कुलूप बसते, मग पीयूके नावाचा आठ अंकी आकडा लागतो, आणि तोही दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचे निरुपयोगी होते.

कार्ड लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत बसवल्यावर पुष्कळांचा जो गोंधळ उडतो, त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. बरीच कार्डे प्रथम स्वतःला मोडेम म्हणून ओळख देत नाहीत. ती सीडी असल्याचे सांगतात. त्या लटक्या सीडीवर कंपनीचा प्रोग्राम असतो. तो एकदा लॅपटॉपमध्ये भरला गेला की कार्ड आपले रूप पालटते आणि मोडेम म्हणून प्रकट होते. या पालटास अर्धाएक मिनिट लागते. नवखा माणूस तेवढ्यात कार्ड काढतो, पुन्हा लावतो, पुन्हा काढतो, आणि रूप पालटण्याची क्रिया दर वेळी अर्धवट राहते. यास्तव कार्ड लावून स्वस्थ बसणे, ही या कामातील एक आवश्यक पायरी आहे. लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर हे काम यूएसबी-मोडस्विच नावाचा लहान प्रोग्राम करतो. तो नसेल तर कार्ड सीडीच्या सोंगातच राहते. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून पुढे बऱ्याच कार्डांना वेगळा प्रोग्राम लागत नाही, तळाच्या पट्टीतील नेटवर्कच्या चिन्हावरच मोबाइल जोडणी दिसू लागते. आणखी एक प्रकार असा की, कार्ड स्वतःच लहानसा राउटर असते. त्याची सर्व मांडणी ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ यासारखा पत्ता टाकून उघडणाऱ्या पानावर होते. पत्ता कार्डाच्या पाठीवर अथवा खोक्यावर छापलेला असतो. खोके फेकू नये.

यानंतर प्रोफाइल. कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचे एक नाव असते, त्यास एपीएन म्हणतात. भारत संचार निगमसाठी ‘बीएसएनएलनेट’, जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ अशी ही नावे असून ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावयाची असतात. डायल करावयाचा क्रमांक मागितल्यास *९९# द्यावा. युजरनेम व पासवर्ड यांच्या जागा सामान्यतः रिकाम्या ठेवावयाच्या असतात, आणि नेमक्या त्याच जागा लोक काहीतरी भरलेच पाहिजे या समजुतीने भरतात. दुसऱ्या कंपनीचे सिम घातले की एपीएनही बदलावे लागते. टॉवरच्या सर्व काड्या दिसत असून जोडणी होत नसेल, तर पहिला संशय एपीएनवर घ्यावा.

आता सीमेचा प्रश्न. दूरसंचाराच्या दृष्टीने देशाचे जे विभाग पाडलेले आहेत, त्यांत नागपूर हे महाराष्ट्र व गोवा यांच्या परिमंडळात येते आणि मोहगाव, सौंसर, पांढुर्णा ही मध्य प्रदेश व छत्तीसगढ यांच्या परिमंडळात. कंपनी तीच असली तरी दोन्ही परिमंडळांतील तिच्या जाळ्याचे सांकेतिक क्रमांक निराळे असतात. नागपुरात शिकणारा मुलगा तेथे घेतलेले सिम कार्डासह घरी आणतो. ते मोहगावच्या टॉवरपाशी पाहुणे ठरते. काही कार्डांत व लॅपटॉपांत रोमिंगमध्ये डेटा बंद ठेवण्याची मांडणी मुळातच केलेली असते. अशा वेळी काड्या पूर्ण, रिचार्ज शाबूत, एपीएन बिनचूक, आणि तरीही जोडणी नाही, असा चमत्कार घडतो. उपाय एवढाच की, मांडणीच्या पानावर ‘डेटा रोमिंग’ या शब्दांसमोर खूण करावी. पूर्वी देशांतर्गत रोमिंगला वेगळा आकार पडत असे व ही मांडणी ग्राहकाच्या हिताची होती. आज सर्वसामान्य योजनांत तसा आकार राहिलेला नाही, तरी आपल्या योजनेपुरती विचारणा केलेली बरी. हद्दीलगतच्या शिवारात याच्या उलटही घडू शकते : गावचे सिम पलीकडच्या टॉवरला धरते, सोडते, पुन्हा धरते, आणि दर वेळी अर्ज अर्ध्यावर तुटतो. तेथे जाळ्याची निवड ‘स्वयंचलित’ न ठेवता हाताने करावी आणि बलवान टॉवर असलेले जाळे पक्के करावे.

टॉवर दूर असेल तर कार्डाला मोठ्याने बोलावे लागते, आणि मोठ्याने बोलावयास अधिक वीज लागते. यूएसबी २.० च्या खाचेतून ५०० मिलिअँपियरपर्यंत प्रवाह देण्याचे प्रमाण ठरलेले आहे; दुर्बल संकेताच्या जागी कार्डाची निकड कधी त्याच्या काठाशी पोचते. परिणामी पान पाहता येते, परंतु छायाचित्र अथवा दाखला अपलोड करू लागले की कार्डाचा दिवा विझतो आणि सर्व पुन्हा पहिल्यापासून. ही खोड कार्डाची असतेच असे नाही. दोन तोंडांची तार वापरून दोन खाचांतून वीज द्यावी, किंवा लॅपटॉपमधील वीजबचतीची मांडणी यूएसबीपुरती बंद करावी. याहून गुणकारी उपाय जागेचा आहे. टिनाच्या छपराखाली, लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेले कार्ड आणि मीटरदीड मीटरच्या चांगल्या तारेने खिडकीच्या चौकटीवर आणलेले तेच कार्ड, यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. काड्यांवर विसंबण्याऐवजी मांडणीच्या पानावरील डीबीएमचा आकडा पाहावा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ११५ ठिकाणी रखडणारे काम दोन हात सरकून उणे ९५ झाल्यावर सुरळीत होते. तार मात्र पाच मीटरहून लांब घेऊ नये.

जोडणी झाली, तरीही बँकेचे किंवा शासनाचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे म्हणून उघडत नाही, ही तक्रार वरचेवर येते आणि तिचा दोष नेटवर जातो. अशा वेळी लॅपटॉपमधील तारीख पाहावी. उन्हाळाभर कपाटात राहिलेल्या लॅपटॉपची आतली लहान बॅटरी उतरली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे मुदतीत आहेत असे त्यास पटत नाही. तारीख दुरुस्त केली की काम होते. दुसरी गोष्ट डेटाची. विंडोज आपली अद्ययावत प्रत पाठीमागून उतरवीत राहते व दिवसाचा साठा सकाळीच संपवते. जोडणीच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड’ ही खूण केली म्हणजे ती बऱ्याच अंशी आवरते.

हातातल्या मोबाइलवरून हॉटस्पॉट देता येत असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. एखाद्याच्या स्वतःच्या कामास मोबाइल पुरेसा आहे, आणि तेवढ्यासाठी कार्ड विकत घेणे उधळपट्टीच होईल. शाळेचे व पंचायतीचे तसे नाही. तेथील जोडणी एका शिक्षकाच्या खिशातील मोबाइलवर अवलंबून असली की त्याच्या रजेबरोबर तीही रजेवर जाते. भारतनेट, जी योजना २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने मंजूर झाली होती, तिची तार पंचायतीपर्यंत पोचून चालू असेल तेथेही, तार तुटलेल्या दिवसासाठी कार्ड हाताशी असणे इष्ट.

कार्डातील सिम कोणाच्या नावावर आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या नावावरचे सिम संस्थेत चालू राहणे दोघांनाही अडचणीचे आहे. आपल्या नावावर किती क्रमांक आहेत हे दूरसंचार विभागाच्या, २०२३ साली सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. तद्वतच, बँकेस जोडलेला क्रमांक डेटा कार्डात घालू नये. ओटीपीचे संदेश मग कार्डाच्या खिडकीत येऊन पडतात आणि त्या लॅपटॉपवर बसणारा कोणीही ते वाचू शकतो. कार्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत कार्डासमोर सिमचा क्रमांक, कोणाच्या नावे, एपीएन आणि रिचार्ज संपण्याची तारीख एवढे लिहून ठेवावे. पिन व पीयूके मात्र पाकिटात, कुलपात. शाळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत रिचार्ज चालू ठेवावा, कारण दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक कंपनी बंद करून दुसऱ्यास देऊ शकते, आणि जून महिन्यात शाळेची दारे उघडतात तेव्हा ओटीपी परक्या माणसाकडे जाऊ लागलेला असतो.