कल्हईच्या आधी

सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याहून नागपूरला रेडिओवर बोलायला येताना मनाशी ठरवलं, पाच मिनिटांत एकच गोष्ट सांगायची. जुन्या बाँबफेकी विमानात माहिती दाखवणारा नवा पडदा, नवा रेडिओ बसवण्याआधी जुनी तार आणि जुना जोड तपासा. एवढंच. पण ते पटवायचं तर आधी कल्हईबद्दल बोलावं लागेल.

आपला भंडारा पितळी भांड्यांचा. कल्हईवाला आल्या आल्या कल्हई लावत नाही, हे तुमच्यापैकी ज्यांचे केस पिकले त्यांनी पाहिलं आहे. तो भांडं घासतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि मग कुठं कथिलाची कांडी फिरते. खालचा धातू स्वच्छ नसेल तर कथिल धरत नाही. वरून चकाकतं, पण चार दिवसांत पोपडे निघतात आणि ताक कळकतं.

आता विमान. मी वायुसेनेत रेडिओ आणि वायरिंगच्या कामावर होतो. मिग-२७ हे विमान आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात बांधलेलं. दीडशेहून अधिक बांधली. वायुसेनेत त्याला नाव होतं बहादूर. काम एकच, जमिनीलगत वेगानं जायचं आणि बाँब टाकून परतायचं. ताशी ९०० किलोमीटर धरा. सेकंदाला २५० मीटर. आत घड्याळांसारख्या तबकड्यांची गर्दी. वैमानिकानं दोन सेकंद मान खाली घालून तबकडी वाचली की अर्धा किलोमीटर समोर न बघता गेला. म्हणून नवा पडदा हवाच. माझा पडद्याला विरोध नाही, हे आधीच सांगतो, कारण लोक नेमकं उलटं ऐकतात.

तर संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची बंगळूरची प्रयोगशाळा आणि एचएएल यांनी मिळून बहादूरचं आतलं रूप बदललं. सुधारलेलं पहिलं विमान २००४ मध्ये उडालं, पुढे चाळीसेक विमानं तशी झाली. दोन रंगीत पडदे आले. डोळ्यांसमोरच्या काचेवर आकडे उमटू लागले, म्हणजे मान खाली घालायलाच नको. मधोमध नवा संगणक, शिवाय नवा रेडिओ. पूर्वी प्रत्येक तबकडीला स्वतःची वेगळी तार होती. आता पिळलेल्या तारांच्या एका जोडीवरून कितीतरी यंत्रं आपसांत बोलू लागली.

आणि इथंच माझी गोष्ट सुरू होते. पडदा नवा, पण त्याच्याकडे येणाऱ्या कितीतरी तारा वीस वर्षं उष्णता, हादरे आणि हायड्रॉलिकचं तेल खाल्लेल्या. त्यांचं आवरण कडक होतं, वाकवलं की तडकतं. एखादी तार पत्र्याच्या काठावर घासते. वर हवेत हादऱ्यानं ती टेकते, रेडिओत खरखर येते. विमान खाली उतरलं की तार सुटते आणि सगळं ठीक! वैमानिक म्हणतो बिघाड आहे, आपण तपासतो तर बिघाड नाही. मग नवं यंत्र काढून दुसरं नवं यंत्र लावायचं. दोष पडद्याला, गुन्हा तारेचा.

अँटेनाचं तसंच. अँटेना विमानाच्या कातडीवर बसते, आणि तिच्या बुडाशी उघडा, स्वच्छ धातू लागतो. तिथं रंग राहिला, जंग चढला, की नवा कोरा रेडिओसुद्धा लांबचं ऐकत नाही. एके ठिकाणी पाहुण्यांना पडदे दाखवायचे म्हणून आमच्या हातातलं हे खरवडण्याचं काम मध्येच थांबवलं होतं. मला ते आजही सलतं. बाबांनो, हेच ते कल्हईआधीचं घासणं. आधी घासा!

आणखी एक. कल्हईनं भांडं जाड होत नाही. कारगिलच्या लढाईत, २७ मे १९९९ ला, रॉकेट सोडल्यावर एका बहादूरचं इंजिन हवेतच बंद पडलं. इंजिनाचं ते दुखणं पडद्यांनी बरं होणार नव्हतं. शेवटी २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरला बहादूरनं निरोप घेतला.

उलट अमेरिकेचं बी-५२ हे बाँबफेकी विमान बघा. शेवटचं १९६२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलं आणि अजून उडतं आहे, २०५० च्या पुढेही उडवायचा बेत आहे. पूर्वी उडत्या विमानाला नवं लक्ष्य द्यायचं तर रेडिओवर आकडे ऐकून कागदावर लिहायचे आणि हातानं यंत्रात भरायचे. आता सॅटेलाइटवरून ते थेट पडद्यावर येतात. त्यांनी नवी इंजिनंही घ्यायचं ठरवलं, कारण भांडं जाड आहे, म्हणजे विमानाचा सांगाडा मजबूत आहे, याची आधी खात्री केली. आपलं जॅग्वार विमान १९७९ मध्ये आलं. त्याच्या आतल्या सुधारणेची तिसरी फेरी झाली, नवा रडार, नवे पडदे. त्याबद्दल बोलायला घेतलं तर...

नको. वेळ थोडा आहे, आणि मला आयटीआयच्या मुलामुलींशी बोलायचं आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात संरक्षण म्हटलं की जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. पण इथं नागपुरात, वायुसेनानगरात, अख्ख्या वायुसेनेच्या देखभालीचं मुख्यालय आहे. साकोली, तुमसर, पवनीच्या पोरांनो, पडद्याचं काम सगळ्यांना हवं असतं; तुम्ही तारेचं मागा. जोड दाबताना हात हलू न देणं, तारांची जुडी पत्र्याला घासणार नाही अशी बांधणं, हे शिका. मुलींचा हात यात फार चांगला बसतो, मी पाहिलं आहे.

आणि अँटेनाखाली पॉलिश पेपर मारताना भरात येऊ नका. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पातळ संरक्षक थर असतो. तो जास्त खरवडला तर तिथंच जंग धरतो, म्हणून जोड बसला की कडेनं लगेच सीलंट लावायचं, आणि ते लावण्याआधी ओहममीटरनं... कार्यक्रम घेणाऱ्या बाईंनी काचेपलीकडून हात वर केला. थांबतो.