पाय बसवल्यानंतरचं वर्ष

दिवाळी उरकली की कडा आणि आष्टीच्या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि परततात ते साधारण पाडव्याच्या आगेमागे. जागतिक अपंग दिन मात्र येतो ३ डिसेंबरला. त्या दिवशी तालुक्याला मांडव घातला, कुबड्या आणि तीनचाकी सायकली वाटल्या, तरी ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो एक तर टोळीबरोबर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत असतो, नाहीतर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर घरी. त्याला शिबिरापर्यंत नेणारे हात तेव्हा फडात कोयता चालवत असतात. गाव घरी कधी असतं हे नेमकं ठाऊक असतं ते जत्रेला. होळीपासून पाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, आणि फाल्गुनी अमावास्येला आपल्याच आष्टी तालुक्यात, सावरगावच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथांची. अपंगांच्या पुनर्वसनात देवस्थानांनी, धर्मसंस्थांनी पडावं की नाही, हा वाद या एका गोष्टीपासून सुरू करावा असं मला वाटतं. धर्मसंस्थेचं खरं भांडवल दानपेटीत नाही. ती दरवर्षी त्याच जागी, त्याच तिथीला भेटते, हे तिचं भांडवल.

याला इतकं महत्त्व का द्यायचं, ते कृत्रिम पायाकडे जवळून पाहिलं की कळतं. पाय बसवला म्हणजे काम झालं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तुटलेल्या पायाचं जे टोक उरलेलं असतं, ते पहिल्या काही महिन्यांत आकसतं. ज्या वाटीत ते बसतं, जिला सॉकेट म्हणतात, ती मग सैल होते. आधी एक मोजा घालून भागतं, मग दोन लागतात, पुढे घासून जखम होते, आणि एके दिवशी तो पाय आढ्याला टांगला जातो. वाढत्या मुलाचा पाय तर वर्ष-दीड वर्षातच अपुरा पडतो. १९६८ साली जयपूरला मास्टर रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ आपल्या लोकांना मानवला, कारण तो घालून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, चिखलातून अनवाणी चालता येतं. तो घरोघर पोचवण्यासाठी १९७५ मध्ये तिथेच भगवान महावीर विकलांग सहायता समिती उभी राहिली. नाव तीर्थंकरांचं, पाय मात्र कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला, आणि फुकट. पण पाय कितीही चांगला असो, त्याचा पट्टा तुटला तर तो कड्यात कोण शिवून देणार? माझा सगळा आग्रह या प्रश्नावर आहे. वाटपाला दाते मिळतात, फोटोही निघतात. डागडुजीला कोणी पुढे येत नाही.

टिकून राहणं धर्मसंस्थेला जमतं, याला आपल्याकडे जुना दाखला आहे. नगर भागात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली, दुष्काळाच्या तडाख्यात, मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. ती दादरला आजही चालू आहे. दुष्काळात अन्नछत्रं अनेकांनी घातली असतील. रोज सकाळी उघडणारी शाळा ही वेगळी गोष्ट. खुद्द कड्यातही जैन मुनी अमोलकऋषींच्या नावाचं विद्या प्रसारक मंडळ आहे, महाविद्यालय चालवतं. म्हणजे धर्माच्या नावानं रोजचं, कंटाळवाणं, हिशेबाचं काम करण्याची सवय या गावाला नवी नाही.

आता आक्षेप. पहिला सर्वांत वजनदार आहे: हे सरकारचं काम आहे, आणि अपंगांना दया नको, हक्क हवा. अगदी बरोबर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग मोजले गेले. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले ५ टक्के त्यांच्यावर खर्चायचे आहेत. एवढ्यांचा भार कोणत्याही देवस्थानाला पेलणार नाही, आणि त्यानं तो उचलूही नये. पण हक्क कागदावरून माणसापर्यंत यायला मध्ये कोणाला तरी अर्ज भरावा लागतो, प्रमाणपत्रासाठी बरोबर जावं लागतं, ग्रामसभेत त्या ५ टक्क्यांचं काय झालं हे विचारावं लागतं. ते मंदिराच्या विश्वस्तांनी, मशिदीच्या जमातीनं, चर्चच्या मंडळानं करावं. त्यानं हक्क पातळ होत नाही, वसूल होतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. अपंगत्व हे मागल्या जन्माचं पाप, ही समजूत धर्मानंच पोसली. नवसानं पाय येईल या आशेवर उपचाराची वर्षं वाया गेली. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ही गाठ शासकीय परिपत्रकानं सुटणारी नाही. सप्ताहात कीर्तनकार उभ्यानं सांगेल की हे पाप नव्हे, पोलिओ होता, अपघात होता, तर ते ऐकलं जाईल. तिसरी शंका धर्मप्रसाराची. तिला उपाय साधा आहे: नोंदवहीत धर्माचा आणि जातीचा रकाना नको, आणि वही कोणालाही पाहता यावी.

मायंब्याच्या यात्रेत पाळण्यांच्या आणि रेवड्यांच्या दुकानांच्या शेजारी डागडुजीचा एक मांडव मला दिसतो. नगरहून एक तंत्रज्ञ बोलवायचा. त्याला येणंही अवघड नाही: २०२२ पासून आष्टीची रेल्वे कड्यावरून जाते. लागतं ते थोडंच: एक बाक, ड्रिल, रिबिटं, चामड्याचे पट्टे, तीन मापांचे मोजे, कुबडीच्या टोकाची रबरी टोपणं. आणि ती वही. तिच्यात नाव, गाव, काय दुरुस्त केलं, आणि शेवटच्या रकान्यात: दिवाळीनंतर कोणत्या कारखान्यावर.