कपाटाची किल्ली



मी एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. फावल्या वेळात कविता लिहितो. माझे काही मित्र म्हणतात, कवितेतून वेळ मिळाला की नोकरी करतो. ते असो. आज मला बोलायचं आहे ते शाळेतल्या मुलांनी एकत्र बसून, एक पैसाही फी न भरता, वाद्यं वाजवण्याबद्दल. विषय संगीताचा आहे, पण मला सुरुवात एका लोखंडी कपाटापासून करावी लागेल.

मी नोकरीला लागलो तेव्हा हेडसरांनी किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. त्यातली एक किल्ली वेगळी दाखवून म्हणाले, ‘ही बँडच्या कपाटाची. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी आठ दिवस उघडायचं. बाकी वर्षभर बंद.’ कपाटात चार साइड ड्रम, एक मोठा ढोल, सहा बासऱ्या, दोन बिगुल, झांजांचा जोड आणि एक ट्रँगल. या सगळ्याची नोंद ज्या वहीत असते तिला आम्ही डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो. खुर्च्या, टेबलं, घंटा, ढोल, सगळं त्यातच. कविता लिहिणाऱ्या माणसाला हा शब्द पहिल्याच दिवशी खटकायला हवा होता. मला खटकला नाही. नोकरी नवी होती आणि सहीची भीती होती.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची गोष्ट. आठवीत एक मुलगा होता. वडील बाजार समितीत हमाल. पंधरा ऑगस्टच्या तालमीत त्याच्या हाती बासरी आली आणि चौथ्या दिवशी तो शाळेची प्रार्थना वाजवायला लागला. कुणी शिकवली नव्हती. सोळा तारखेला मी वाद्यं मोजून आत ठेवत होतो, तेव्हा तो खिडकीशी येऊन उभा राहिला. ‘सर, बासरी शनिवारी घरी नेऊ का? सोमवारी आणून देतो.’ मी म्हटलं, ‘शाळेची वस्तू आहे बाबा. हरवली तर ऑडिटमध्ये मी काय सांगू?’ पुढच्या शनिवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही. मग यायचा थांबला. पुढच्या वर्षी बँडमध्ये त्याने नाव दिलं नाही, आणि दहावीनंतर शाळेचा आणि त्याचा संबंध संपला.

नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. ती बासरी तेव्हा फार तर पंचवीस-तीस रुपयांची असेल.

खरं म्हणजे मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण माझे मामू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांना कुणी शिकवणी लावली नव्हती. अकराव्या वर्षी ते वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायला लागले. वर्षभराने हातात झांज आली, मग साइड ड्रम, आणि एक म्हातारा वादक आजारी पडला तेव्हा क्लॅरिनेट. शेजारी चालणाऱ्याचं ऐकत ऐकत ते शिकले. मला म्हणायचे, ‘अपना बाजा कम सुनना, बाजूवाले का जादा.’ त्यांचं शिक्षण मोफत झालं, हे खरं. पण त्यासाठी त्यांची शाळा गेली. सीझनमध्ये रात्र रात्र जागणारं पोर सकाळी वर्गात कसं बसणार? शाळा हवी तर बाजा नाही, बाजा हवा तर शाळा नाही, असा तो सौदा होता.

हा सौदा मोडता येतो. आपल्याच देशात तो एकदा फार सुंदर रीतीने मोडला गेला आहे. मध्य प्रदेशातल्या मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ दरबारी वादक होते. पंडित रविशंकर, अली अकबर खाँ आणि अन्नपूर्णादेवी यांचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात तिथली पुष्कळ मुलं पोरकी झाली. महाराजा ब्रिजनाथसिंहांच्या आश्रयाने बाबांनी अशा मुलांना गोळा केलं आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. तोच मैहर बँड. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, तबला असं देशी-परदेशी सगळं त्यात एकत्र होतं. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नळतरंग नावाचं एक वाद्यच तयार केलं. गोळी ज्या नळीतून सुटायची, तिच्यावर पोरकी मुलं सूर काढू लागली. स्वतः बाबांना तरुणपणी रामपूरला वझीर खाँसाहेबांच्या दारात शिष्यत्वासाठी ताटकळावं लागलं होतं. त्या माणसाने अनाथ मुलांना दारात ताटकळत ठेवलं नाही. शंभर वर्षं उलटून गेली, पण मैहरचा हा वाद्यवृंद टिकून आहे.

दुसरं उदाहरण लांबचं आहे. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला नावाचा देश आहे. तिथे होसे आंतोनियो आब्रेऊ हे अर्थतज्ज्ञ होते, आणि संगीतकारही. १९७५ साली राजधानी कराकसमध्ये त्यांनी मुलांचा ऑर्केस्ट्रा जमवायचं ठरवलं. पहिल्या तालमीला मुलं आली अकरा. त्यातून जे उभं राहिलं त्याला आज जग ‘एल सिस्तेमा’ म्हणून ओळखतं. शाळा सुटली की मुलं वस्तीजवळच्या केंद्रात येतात. फी नाही आणि वाद्यही केंद्राचंच. मुख्य म्हणजे मूल आधी वर्षानुवर्षं एकटं शिकलं आणि मग वृंदात आलं, असं तिथे होत नाही. ते पहिल्यापासून इतरांबरोबरच बसतं. ज्याला चार सूर येतात तो दोन सूर येणाऱ्याला शिकवतो. अगदी लहान मुलांना आधी कागदाच्या लगद्याचं व्हायोलिन करायला लावतात. आवाज न येणारं ते व्हायोलिन कसं धरायचं, कसं जपायचं, हे शिकल्यावर खरं हातात येतं. ऐकू न येणारी मुलंही तिथल्या गायनवृंदात असतात. पांढरे हातमोजे घालून ती हातांनी गातात.

या केंद्रांतून आलेला गुस्ताव्हो दुदामेल २००९ साली लॉस एंजेलिसच्या नामांकित फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक झाला, तेव्हा तो तिशीतही नव्हता. त्याचे वडील नाचगाण्याच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे, हे वाचलं तेव्हा मला मामूंची आठवण आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कराकसमध्ये ८,५७३ वादकांनी एकत्र वाजवून जगातला सर्वांत मोठा ऑर्केस्ट्रा म्हणून विक्रम केला.

तिथे सगळं गोडच आहे असं मात्र नाही. पैसा सरकारी, म्हणून सरकारची सावलीही पडलेली. देशाची आर्थिक घडी विसकटली तेव्हा कितीतरी वादक देश सोडून गेले. २०१७ साली सरकारविरोधी निदर्शनांत याच केंद्रांत शिकलेला व्हायोला वाजवणारा एक कोवळा मुलगा मारला गेला. संस्थेतल्या कडक शिस्तीवर आणि मुलांच्या सुरक्षिततेवरही टीका झाली आहे. संगीताने गरिबी हटते असा दावा मी करणार नाही. हमालाच्या मुलाने बासरी वाजवली म्हणून हमाली सुटत नाही. पण आपल्यात काय आहे हे त्या मुलाला कळतं, आणि दुसऱ्यालाही दिसतं.

आपल्याजवळही अशी परंपरा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत आली. त्याच गोव्यातले वादक पुढे मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचं नाव देशभर पोचलं. आपण ते नाव गुणगुणलो, पण त्यामागची शाळा आपल्या ध्यानात आली नाही. पणजीत २००९ साली ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ ही संस्था सुरू झाली, ती गरीब घरच्या मुलांच्या हाती हीच वाद्यं देण्यासाठी.

अशा उपक्रमांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, सगळ्यांना कशाला, गुणी मुलं निवडा आणि त्यांना मोफत शिकवा. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण निवडणार कशी? चाचणी घेतली तर वाजवून कोण दाखवणार? ज्याच्या घरी पेटी आहे, ज्याला क्लास लावलेला आहे तो. बाकीचे गप्प उभे राहणार. म्हणजे आपण निवडणार गुण, आणि निवडला जाणार खिसा. गुणी मुलं निवडावीत, जरूर निवडावीत. पण त्याआधी वर्षभर तरी कपाट सगळ्यांसाठी उघडं असावं. आमच्या शाळेतला तो मुलगा गुणी आहे हे केवळ त्या आठ दिवसांमुळे कळलं. उरलेल्या दिवसांत आणखी किती मुलं कळली असती, कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण शिक्षिका रुजू झाल्या. विषय विज्ञान, पण घरात भजनाची परंपरा. त्या म्हणाल्या, ‘शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास मुलांना बसवते. किल्ली द्याल का?’ या वेळी मी ऑडिटचं नाव काढलं नाही. कपाट उघडलं तर मोठ्या ढोलाची एक बाजू उंदरांनी कुरतडलेली. बासऱ्यांपैकी दोन चिरलेल्या. मामू आता नाहीत. त्यांच्या बँडमधले एक सहकारी आहेत, त्यांनी चहाच्या बोलीवर ढोल मढवून दिला.

पहिल्या शनिवारी नऊ मुलं आली. महिनाभर जो काही गोंगाट झाला तो मी ऑफिसात बसून सोसला. मग एका दुपारी गोंगाट अचानक थांबला. मी जाऊन पाहिलं, तर पाचवीतली एक मुलगी ट्रँगलवर ठोका चुकत होती आणि बाकीची आठ जणं वाद्यं खाली धरून तिची वाट पाहत होती. कुणी हसत नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. त्याच वर्गात एरवी एकमेकांचे गुण किती पडले हे पाहून तोंड फिरवणारी मुलं ही.

मी एक नवी वही घातली आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘वाद्ये घरी दिल्याची नोंद’. मुलाचं नाव, वाद्य, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. दोन वर्षांत एक बासरी फुटली आणि एक हरवली. बस्स, एवढंच नुकसान. फुटलेली मी रीतसर निर्लेखनाला लावली, हरवलेलीचे पैसे भरले. आभाळ कोसळलं नाही.

तो आठवीतला मुलगा आता टेम्पो चालवतो. चाळिशीला आला असेल. मढवलेला ढोल आणायला मी त्यालाच बोलावलं. येताना वाटेत तो शीळ घालत होता, अगदी सुरात. शाळेत ढोल उतरवला तेव्हा आत मुलं वाजवत होती. तो दाराशी थांबून ऐकत राहिला. मी एक बासरी त्याच्यापुढे धरली. तो हसला, हात पँटला पुसले, पण घेतली नाही. म्हणाला, ‘नको सर. आता बोटं राठ झाली.’

माझं हे बोलणं कुठल्या शाळेच्या हेडसरांपर्यंत, बाईंपर्यंत पोचत असेल, माझ्यासारख्या एखाद्या लिपिकापर्यंत पोचत असेल, तर एक विनंती आहे. उद्या सोमवार. शाळेत गेल्यावर बँडचं कपाट कुठे आहे ते बघा आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.