पावसाळ्याचं जळतण घेताना



होळी झाली की मुलचेरा, गोमणी, लगाम, सुंदरनगर, विवेकानंदपूर या बाजूला घरोघरी एक हिशेब सुरू होतो. मृग लागायच्या आत सांदवाडीत किती जळतण पडलं पाहिजे? गॅस आता गावागावांत पोचलाय, कुणाकडे उज्ज्वलातून, कुणाकडे वनविभागाच्या जन-वन विकास योजनेतून. तरी आंघोळीचं पाणी, धानाची उकड, ढोरांसाठी शिजवणं आणि लग्नकार्याचा स्वयंपाक चुलीवरच होतो. पूर्वी यासाठी बाया मोळ्या आणायच्या. आता वाघाच्या भीतीनं घरची माणसं एकटीदुकटीला जंगलात जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग जळतण एकदम विकत घ्यावं लागतं. विकत घेणं आलं की फसणंही आलं.

फसू नये म्हणून काय पाहायचं? लाकूड कोणतं आणि भाव काय, हे आपण लगेच विचारतो. त्याच्याही आधी विचारायचं ते माप. आपल्याकडे जळतण तीन तऱ्हांनी विकलं जातं. वनविभागाच्या डेपोत जळाऊ बीट असतं, म्हणजे ठरलेल्या लांबी-रुंदी-उंचीचा रचलेला ढीग. गावात बंडी नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली चालते. आणि टालीवर क्विंटलनं वजन करून देतात. या तिन्हींत फसायच्या जागा वेगवेगळ्या आहेत, आणि तेच आपल्या ध्यानात येत नाही.

आधी वजनाचं घेऊ. कोणतंही लाकूड पूर्ण सुकवलं तर किलोमागे साधारण ४,५०० किलोकॅलरी उष्णता देतं. धावडा असो की सावर, किलोला किलो लावलं तर फरक फार थोडा. फरक पडतो पाण्यानं. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं. उन्हात नीट सुकलेल्या लाकडात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. सुकलेल्या किलोतून ३,५०० च्या आसपास किलोकॅलरी हाती लागतात, ओल्या किलोतून जेमतेम २,०००. कारण ओल्या लाकडाची बरीचशी आच आधी त्याच्यातलंच पाणी उकळण्यात जाते, आणि उरतो तो डोळ्यांतून पाणी काढणारा धूर.

आता रुपयांत पाहा. समजा, ४०० रुपये क्विंटलनं तुम्ही दहा क्विंटल ओलं लाकूड घेतलं. चार हजार दिले. दोन-तीन महिन्यांनी ते सुकलं, वीस टक्के पाण्यावर आलं, आणि पुन्हा काट्यावर टाकलं, तर ते भरेल सव्वासहा क्विंटल. म्हणजे तुम्हाला क्विंटल पडला ६४० रुपयांना. शेजाऱ्यानं त्याच दिवशी ५५० रुपयांनी सुकं घेतलं असेल, आणि तुम्ही त्याला महागात घेतलं म्हणून हसला असाल, तर त्याचाच सौदा स्वस्त पडला.

ओलं-सुकं ओळखायला यंत्र लागत नाही. फाट्याचं कापलेलं टोक पाहा. सुक्या लाकडाला मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असतात. साल हातानं सुटते. दोन फाटे एकमेकांवर आपटा, सुकं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. पण हे ढिगाच्या वरच्या फाट्यांवर करून थांबू नका. वरचा थर सुका आणि पोटात ओलं, ही फार जुनी कला आहे. मधला एखादा जाड फाटा काढायला लावा, कुऱ्हाडीनं फोडायला लावा आणि फोडीवर हात ठेवा. गार, दमट लागलं तर भाव पाडा किंवा परत फिरा. विकणारा फोडू देत नसेल तर त्यातच उत्तर आलं.

मापाच्या जळतणात, म्हणजे बीट, बंडी किंवा ट्रॉलीत, सगळं उलटं होतं. तिथे पाण्याचं फार मनावर घेऊ नका, कारण लाकूड ओलं असलं तरी ढिगाचा आकार तेवढाच. हातात वेळ असेल आणि सुकवायला जागा असेल, तर मापानं ओलं घेणंही परवडतं. इथे पाहायचं ते लाकडाचं वजनदारपण आणि रचण. धावडा, ऐन, खैर, बाभूळ, लेंडी ही जड लाकडं. सुका धावडा घनमीटरला नऊशे किलोच्या घरात जातो. सावर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. एकाच ट्रॉलीत, एकाच भावात, एकाला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आच मिळते. सावर, पांगारा, मोई असं हलकं लाकूड मापानं घ्यायचं तर निम्म्या भावानं घ्या, नाहीतर काट्यावर न्या. सालई डिंकाळ असते, भुर्रकन पेटते आणि काजळी धरते. पेटवणाला थोडी असावी, पण गाडीभर नको. तेंदूच्या लाकडाबद्दल एक सूचना: ते जळताना तडतडतं, ठिणग्या उडतात. गवताचं छप्पर असेल किंवा चुलीजवळ पोरं खेळत असतील तर ते बाजूला काढा.

रचणीचं म्हणाल तर सरळ, सारख्या लांबीचे फाटे नीट लावलेले असतील, तर ढिगाचा दोन तृतीयांश भाग लाकूड असतं आणि बाकी हवा. वाकड्यातिकड्या फांद्या असतील तर निम्मी हवा. आणि फाटे मुद्दाम आडवे-उभे घातले, मधे पोकळी सोडली, खाली दगड ठेवले, तर त्याहूनही जास्त. म्हणून बीट घेताना टेप घेऊन जा. पावतीवर जी लांबी, रुंदी, उंची लिहिली असेल ती मोजून पाहा आणि ढिगाभोवती एक फेरी मारा. पलीकडचा उजेड फाट्यांमधून आरपार दिसत असेल तर दुसरं बीट मागा. मागायला संकोच करू नका. ट्रॉलीच्या बाबतीत कठड्याच्या उंचीपर्यंत की शिगोशीग, हे आधीच बोलून घ्या. उतरवल्यावर होणाऱ्या भांडणाचा निकाल आजवर कुणाच्या बाजूनं लागलेला मी पाहिला नाही.

वजनाच्या सौद्यात भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर काट्यावर चढली पाहिजेत. रिकाम्या गाडीचं वजन चिठ्ठीवरून मान्य करू नका. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा चालू शिक्का आहे का ते पाहा. नसेल तर त्या विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते.

आता कागदांचं. आपला भाग आलापल्ली वनविभागात येतो, आणि आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला. त्यामुळे इथे लाकडाच्या गाडीकडे वनरक्षकाचं लक्ष असणारच. डेपोतून घेतलेल्या मालाची पावती आणि वाहतूक परवाना गाडीसोबत असलाच पाहिजे. अंधारात येणाऱ्या स्वस्त ट्रॉलीत वर ऐनाचे फाटे आणि खाली सागाचे तुकडे निघाले, तर गाडी जप्त होते आणि माल कुणाच्या दारात उतरत होता हेही विचारलं जातं. चार पैसे वाचवायला हा धोका घेण्यात शहाणपण नाही. खरेदीला निघण्यापूर्वी आणखी एक काम करा. आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यातल्या गावांना निस्ताराचे हक्क आहेत, आणि निस्तारातलं जळाऊ लाकूड सवलतीत मिळतं. तुमच्या गावाची नोंद काय आहे, यंदा बीट कधी आणि कुठल्या डेपोत मिळणार, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. ग्रामपंचायतीनं एकदम यादी दिली तर फेरे वाचतात.

दगडी कोळशाबद्दलही मला विचारलं जातं. चंद्रपूरला खाणीच्या आसपास कोळशाच्या शेगड्या पेटतात, मग आष्टी-गोंडपिपरीच्या वाटेनं ट्रकभर कोळसा आणला तर? वर्धा खोऱ्यातला कोळसा आपल्या शेजारचाच. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, पुढे बल्लारपूर, आणि आज बहुतेक खाणी वेकोलिकडे आहेत. पण हा कोळसा राखेचा. २०१२ पासून कोळशाची प्रत उष्णतेवरून ठरते, जी-१ सगळ्यात वरची आणि जी-१७ सगळ्यात खालची. मधली जी-१० धरा: किलोला ४,३०१ ते ४,६०० किलोकॅलरी. सुक्या लाकडाचे ३,५०० आठवा. म्हणजे एक क्विंटल असा कोळसा हा सव्वा क्विंटल सुक्या लाकडाच्या बरोबरीचा. तुमच्या दारात उतरलेला कोळसा, भाडं आणि हमाली धरून, सुक्या लाकडाच्या सव्वापटीपेक्षा महाग पडत असेल तर तो घेण्यात अर्थ नाही. आणि सुरजागडच्या खनिजाच्या ट्रकांनी भरलेल्या त्या रस्त्यावरून भाडं स्वस्त कुठून पडणार? शिवाय कोळशाला वेगळी शेगडी, खाली जाळी, पेटवायला लाकूड लागतंच, आणि राख उचलायची ती निराळी.

तरी कुणाला घ्यायचाच असेल, उदाहरणार्थ हॉटेलवाल्याला किंवा विटाभट्टीवाल्याला, त्यांनी खाणीची किंवा परवानाधारक विक्रेत्याची पावती घ्यावी. पावतीशिवायचा कोळसा चोरीचा निघाला, तर तो जाणूनबुजून घेणंही भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. चांगला कोळसा चकाकतो आणि आकाराच्या मानानं हलका लागतो. करडा, मंद, दगडासारखा जड तुकडा म्हणजे शेल, तो जळत नाही. चुरी जाळीतून खाली पडते, म्हणून खडे मागा. पाणी मारलेला माल वजनानं घेऊ नका. आणि कोळसा दगडी असो की लाकडी, बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

माझं घरगुती मत विचाराल तर मुलचेऱ्यात दगडी कोळसा चुलीसाठी परवडत नाही.

त्याहून महत्त्वाची तुलना गॅसची आहे. आपली साधी मातीची चूल लाकडातल्या आचेचा दहावा भाग भांड्याला देते, बाकी भिंतीला आणि वाऱ्याला. गॅसची शेगडी साठ टक्क्यांच्या वर देते. या हिशेबानं १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला साध्या चुलीत अडीच क्विंटलांहून जास्त सुकं लाकूड लागतं. तुमच्या गावातल्या भावानं अडीच क्विंटल जळतणाचे किती होतात ते मांडा आणि शेजारी सिलिंडरचा भाव लिहा. विकतच्या लाकडावर वरण शिजवणं महाग पडतंय, हे पुष्कळांना त्या कागदावरच दिसेल. फुकटच्या मोळीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. तेव्हा रोजचा स्वयंपाक गॅसवर करा, आणि विकतचं जळतण पाण्यासाठी आणि मोठ्या कामांसाठी ठेवा.

चूल सुधारली तर याच लाकडाचं काम दुप्पट होतं. खाली लोखंडी जाळी, तोंड लहान, भांडं चुलीच्या काठावर नीट बसेल असं, आणि मागच्या वैलावर पाण्याचा गंज. पुण्याच्या आरती संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनं, अशा चुलींवर पुष्कळ काम केलंय. फाटेही मनगटाएवढे फोडा. जाड ओंडका पोटात धुमसत राहतो.

किती घ्यायचं? अंदाज नको. एक आठवडा सकाळी जळतण ताणकाट्यावर मोजून चुलीजवळ ठेवा आणि रात्री उरलेलं पुन्हा मोजा. दिवसाला पाच किलो जात असेल तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना सहा क्विंटल झाले. झड लागली की थोडं जास्त जातं म्हणून सात धरा. एकट्या घराला सात क्विंटलांसाठी ट्रॉलीचं पूर्ण भाडं परवडत नाही. चार घरं मिळाली तर भाडं चौघांत वाटलं जातं, आणि विकणाराही चार घरांच्या गिऱ्हाइकाशी जपून वागतो. बचत गटानं हे काम अंगावर घ्यावं. वेळही पाहा. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की मजूर मिळत नाही, फोडायची मजुरी चढते, आणि लाकडाला उन्हाचे दिवसही उरत नाहीत.

साठवताना दगडांवर किंवा बांबूच्या माचीवर वीतभर उंच रचा, म्हणजे उधळी लागत नाही. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा, वारा खेळू द्या. ताडपत्री चारही बाजूंनी गुंडाळली तर आतलं लाकूड कुबट होतं. ढीग घराच्या भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात त्यात मण्यार आणि विंचू आसरा घेतात. रात्री फाटा काढायचा झाला तर बॅटरी घेऊनच हात घाला, आणि पोरांना पाठवू नका.

तुमच्या गटाची पुढची बैठक असेल तेव्हा हा विषय काढा, वनपरिक्षेत्र कार्यालयात एकाला पाठवून बिटांची चौकशी करा, आणि ट्रॉली मार्च संपायच्या आत ठरवा.