दगडावरची टॅली

वलवणच्या दोस्तांनो, मी गोदीतला मॅट्रिक पास हमाल. तिथं पोतं फाटलं तरी टॅलीत शेरा पडतो. आपल्या मेलेल्यांची टॅली कोण मारणार?

भीमा-कोरेगावच्या स्तंभावर कंपनी पलटणीतल्या ४९ मेलेल्यांची नावं आहेत. लढाई १ जानेवारी १८१८ ची. ती नावं एक्सेलात भरली, एका ओळीत एक माणूस. शेवटी ‘नाक’ असलेली चाळली. २२ निघाली. बावीस महार! इंग्रजी यादीत ‘नाक’ के आणि सी, दोन्हींनी शोधा. नाहीतर आपलेच गळतात.

ते साहेबाच्या पगारासाठी मेले की पेशवाईच्या चिडीनं, हे एक्सेल सांगत नाही. त्यावर खुशाल भांडू. बावीसवर नाही.

आणि १८९२ च्या सुमारास ह्याच साहेबानं महारांची भरती बंद केली. १९१७ ला माणसं कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभारली. १९२१ ला मोडली. आता तिच्या याद्या भरायला घ्या.