रस्ता वेगवानांचा आणि सावकाश चालणाऱ्यांचाही

(जालना जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



रस्ता हा विकासाचा वाहक आहे, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु ज्या रस्त्याने माल वेळेवर पोचतो आणि शाळकरी मुलगी मात्र जीव मुठीत धरून जाते, त्या रस्त्याचे काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही. आज मी जालना–बदनापूर–छत्रपती संभाजीनगर या सुमारे ६० किलोमीटरच्या मार्गाविषयी बोलणार आहे.

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांनी त्याला नाव मिळवून दिले. या मार्गावर आज सळयांनी भरलेले ट्रक, एस.टी. बसगाड्या, मालाचे ट्रॅक्टर, रिक्षा, दुचाकी, सायकली आणि पादचारी एकत्र चालतात. कोंडीचे कारण केवळ वाहनांच्या संख्येत नाही. भिन्न वेगाची वाहने एकाच पट्ट्यात येतात, हे तिचे मूळ आहे. ट्रॅक्टरमागे बस अडते, बसला ओलांडू पाहणारा दुचाकीस्वार समोरच्या ट्रकपुढे येतो आणि कडेचा सायकलस्वार मातीत उतरतो.

रस्त्यांचे नियोजन हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२७ मध्ये नेमलेल्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने देशातील रस्तेविकासाची दिशा आखली. १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते अशी वर्गवारी केली. प्रत्येक रस्त्याचे काम वेगळे, हे त्या वर्गवारीचे सार होय.

समृद्धी महामार्गाने हेच सूत्र पुढे नेले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध आहे. जालना व बदनापूर तालुक्यांतून तो जातो. लांब पल्ल्याच्या मोटारी व ट्रक यांची सोय झाली. मात्र दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर व सायकल यांना तेथे प्रवेश नाही आणि तो नसणेच योग्य. याचा अर्थ असा की, वेगवानांना त्यांचा रस्ता मिळाला. सावकाश चालणाऱ्यांचा रस्ता जुनाच राहिला. त्याकडे लक्ष देण्याची वेळ आता आली आहे.

त्यासाठी तीन कामे हाती घ्यावयास हवीत.

पहिले, सार्वजनिक वाहतूक. एका बसमध्ये चाळीसाहून अधिक प्रवासी बसतात. तीच माणसे दुचाकींवरून निघाली, तर किमान वीस दुचाकी रस्त्यावर येतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी. प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. परंतु बस शाळेच्या व कारखान्याच्या वेळेस येत नसेल, तर सवलत कागदावरच राहते. बदनापूर, करमाड येथे रेल्वे स्थानके आहेत. गाडीच्या वेळेस जोडून बस मिळाली, तर शेंद्र्याला कामास जाणारा तरुण दुचाकी घरी ठेवील.

दुसरे, सायकल. मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल देणे हे अर्धे काम होय. ती सुखरूप चालविता येईल अशी वाट देणे हे उरलेले अर्धे. महामार्गालगतच्या शाळांपासून गावापर्यंत दोन मीटर रुंदीची, मुख्य रस्त्यापासून वेगळी पट्टी पुरेशी आहे. नेदरलँड्स हा देश आज सायकलींसाठी ओळखला जातो. पण १९७१ मध्ये तेथे रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, मग धोरण बदलले. तेवढी किंमत मोजल्यावरच शहाणे व्हावे, असे आपल्यावर बंधन नाही.

तिसरे, रस्त्याची सुधारणा. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत गंभीर वा प्राणघातक असे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ते स्थळ अपघातप्रवण मानले जाते. गावफाट्याची रचना, दिवे, बसथांब्याची खोली, पादचाऱ्यांची वाट यांवर तेथे प्रथम खर्च व्हावा. सरसकट रुंदीकरणाने रस्ता काही काळ मोकळा वाटतो, वेग वाढतो आणि फाट्यावरचा धोका तसाच राहतो.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे. महामार्ग आपल्या अखत्यारीत नसेल, पण त्याच्या कडेचा आठवडे बाजार, गावरस्त्याचे तोंड अडविणारे अतिक्रमण आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला परावर्तक पट्टी लावण्याचा आग्रह हे विषय ग्रामसभेचे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीकडे ठराव पाठविता येतो. शिक्षकांनी कोणते विद्यार्थी कोठे रस्ता ओलांडतात, याचा साधा नकाशा वर्गातच करून घ्यावा. अभियंत्यालाही तो उपयोगी पडेल, कारण ते ठिकाण मुलांना रोज दिसते.

अधिकारी बंधूंना एवढेच सांगेन की, असा ठराव व असा नकाशा टेबलावर आला, तर त्यास उत्तर द्यावे. काम होणार असेल तर कधी, होणार नसेल तर का, हे गावाला कळले पाहिजे. नियोजनावरचा लोकांचा विश्वास अशा उत्तरांनीच टिकतो.