बंपर कापण्यापूर्वी



मोटारीला कारखान्याने दिलेल्या टायरांहून थोडे मोठे टायर बसविले, म्हणजे खडबडीत वाटेवर ती अधिक निर्धास्तपणे चालते. परंतु तोच टायर वळणावर बंपरच्या कोपऱ्याला घासू लागला, की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो करवतीचा. आज त्या करवतीविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. 2014 पर्यंत बनत असलेल्या अँबॅसडर गाडीचा बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी. दिसत होता तोच बंपर होता. आजच्या गाडीत आपण ज्याला बंपर म्हणतो तो बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा नुसता बुरखा असतो. त्याच्या आड पुष्कळ गाड्यांत धक्का शोषणारा फोम असतो, आणि त्याच्याही मागे गाडीच्या सांगाड्याला जखडलेली आडवी तुळई. बुरखा कापला तर फार तर रूप बिघडेल. तुळई कापली तर अपघातात आतल्या माणसांना वाचविण्याची योजनाच बिघडते. नवा भाग बसविण्यासाठी तुळईला हात लावावा लागत असेल, तर तो भाग आपल्या गाडीसाठी नव्हेच असे समजून दुकानदाराला परत करावा. बुरख्यामागे दिव्यांच्या तारा असतात, काही गाड्यांत रडारही असते. म्हणून बुरखा उतरवून घेतल्याशिवाय कापू नये.

कायद्याचेही येथेच सांगून टाकतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बंपरपुढे बसविल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम वाहनातील फेरबदलांसंबंधी आहे. तेव्हा टायर मोठे करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे; हवे तर याला भित्रेपणा म्हणा.

आता मोजमाप. माझी फजिती झाली ती येथेच. सपाट अंगणात, चाक सरळ ठेवून, पट्टी लावून मी मोठ्या ऐटीत रेघ आखली आणि कोपरा कापला. पुढच्याच रविवारी चोर्ला घाटात वळण घेत असताना चाक एका खड्ड्यात आपटले, स्प्रिंग दबली आणि टायरने उरलेला कोपरा असा ओढला, की बुरख्याच्या क्लिपा तुटून तो रस्त्यावर लोंबू लागला. बेळगावपर्यंत तो सुतळीने बांधून आणावा लागला. चाक सरळ असताना जी जागा दिसते ती खरी जागा नव्हे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे, आणि तेही चाकाखाली भक्कम ठोकळा देऊन स्प्रिंग दाबली गेलेली असताना. टायरच्या कडेला खडू चोळून चाक सावकाश फिरवले, की काळ्या प्लास्टिकवर जेथे पांढरा डाग उमटतो तेथे टायर भिडतो. त्या डागापलीकडे आणखी दोन बोटे जागा सोडावी.

रेघ थेट बंपरवर आखण्याऐवजी पुठ्ठ्याचा फर्मा करावा. डावीकडचा फर्मा उलटा केला की उजवीकडचा तयार होतो, आणि दोन्ही बाजू सारख्या राहतात. प्लास्टिकवर आधी कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर आखावे. रंगावर ओरखडे कमी उठतात.

हत्यारांत ग्राइंडरविषयी माझे मत बरे नाही. तो लोखंडाचा धनी आहे. प्लास्टिक त्याच्या वेगाने वितळते आणि चाकाला चिकटते. बारीक दात्यांची जिगसॉ मंद वेगाने चालवावी. ती नसेल तर हॅकसॉचे सुटे पाते, एका टोकाला चिंधी गुंडाळून, हाताने चालविले तरी काम होते. घाम येतो एवढेच. जेथे काप वळणार असेल तेथे आधी सहा मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे त्या कोनातून पुढे चीर जात नाही. पहिला काप रेघेपासून पाच मिलिमीटर अलीकडे, म्हणजे टाकून द्यावयाच्या भागात घ्यावा. राहिलेले कानशीने उतरवावे. वाढलेले कापता येते. कापलेले जोडण्याला प्लास्टिकचे वेल्डिंग लागते, आणि तो सांधा रंगाखालीही लपत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके असावेच.

कानशीनंतर पॉलिश पेपर, आधी 120 नंबरचा आणि मग 240 चा. कडेवर बोट फिरवून धार लागत नाही ना हे पाहावे, कारण उद्या गर्दीच्या रस्त्यात ती एखाद्याच्या पोटरीला लागावयाची. रबरी पट्टी बसविली तर उत्तम. उघड्या कडेला रंग द्यावयाचा असेल, तर पॉलिप्रोपिलीनवर साधा रंग टिकत नाही. आधी प्लास्टिकसाठीचा प्रायमर लावावा लागतो. कापून काढलेला तुकडा टाकून न देता त्याच्यावरच हा रंग आधी लावून पाहावा, आणि दोन दिवसांनी नखाने खरवडून पाहावा.